वीत्स्केचं उभं राहणं

आमचं गाव समुद्रापेक्षा दीड मीटर खाली.
पंप थांबला तर तिसऱ्या दिवशी
गाईंच्या गुडघ्याला पाणी, असं बाबा म्हणायचे
आणि रात्री दोनला उठून पट्टीवरचा आकडा बघायचे.
वरच्या खोलीत निजलेल्या मुलीच्या अंगातही
एक सखल जमीन आहे
आणि तिथे रात्रपाळीला कुणीच नाही,
हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वीत्स्के सकाळी हप्त्याहप्त्यानं उठायची.
आधी कोपर. मग बसणं. मग पलंगाच्या कडेला
पायाला पाय पिळून दहा-बारा मिनिटं.
पापण्या अर्ध्यावर आलेल्या, नाक सदा चोंदलेलं.
बाउक्ये मावशी म्हणायची, सोंगाडी.
फीनस्ट्रा मास्तरांनी तिला शिक्षा म्हणून
फळ्याशेजारी उभं केलं, उन्हाळ्यात;
ओला कोट खुंटीवरून गळावा तशी ती गळली.
हनुवटीला तीन टाके.
मास्तर घरी आले, टोपी हातात धरून.
आईनं त्यांना कॉफी विचारली नाही.
आमच्याकडे ही फार मोठी गोष्ट आहे.

चर्चमध्ये स्तोत्राला सगळे उभे, ती बसून गायची,
तिचा आवाज सगळ्यांच्या कमरेच्या उंचीवरून यायचा.
स्वतःच्या पायावर उभी राहा, लोक सांगायचे.
ती खरंच पायांकडे बघायची:
सगळं रक्त तिथेच तर जाऊन बसलेलं.

तेविसाव्या वर्षी, ग्रोनिंगेनला,
डॉक्टर लातुपेरिसांनी तिला फळीवर बांधून
फळी हळूहळू उभी केली.
एकशे चौदा. नव्वद. अठ्ठावन्न.
पुढे यंत्राला आकडा सापडेना.

एक एन्झाइम, त्या म्हणाल्या, हिच्यात औषधालाही नाही.
त्याचं काम एवढंच:
डोपामिनला ऑक्सिजनचा एक अणू जोडून द्यायचा.
एक अणू.
की त्याचं नॉरअ‍ॅड्रेनलिन होतं,
आणि माणूस उठला रे उठला की ते शिरांना सांगतं, आवळा.
हिच्यात निरोप्या निघतो, वेळेवर पोचतोही,
पिशवी उघडली की आत भलतंच पत्र.

बाबांनी तो कागद उलटून पालटून बघितला.
म्हणजे मोटर ठीक, झडपा ठीक?
ठीक, डॉक्टर म्हणाल्या.
द्राख्तेनच्या पुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली.
मी तिच्यावर एकदा ओरडलो होतो, म्हणाले,
ऊठ ना, म्हणून.

दोष निम्मा आईकडचा, निम्मा बाबांकडचा.
दोघंही उभ्या जन्मात कधी भोवळ येऊन पडली नाहीत.
माझ्या वाट्याला काय आलं
ते मी अजून तपासून घेतलेलं नाही.

मग कॅप्सूल आल्या. त्यातलं औषध
दुसऱ्याच दारानं आत शिरतं
आणि त्या बंद खोलीत न जाताच
हवं ते होऊन बाहेर पडतं.
पंधराव्या दिवशी वीत्स्के बसथांब्यावर उभी होती.
नुसती उभी.
बस आली, दार उघडलं, मिटलं, गेली.
ती चढली नाही. तिला कुठे जायचंच नव्हतं.

पण आडवं झालं की दाब आता उलटा वर चढतो.
म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली
जुन्या पंपघराच्या चार विटा,
बाबांनी पाणसळ लावून बसवलेल्या,
तिरपं नेमकं किती हवं ते मोजून.

त्यांना पुरलं तेव्हा ती उभी राहिली.
पहिलं स्तोत्र. दुसरं. वारा समुद्रावरचा.
चौथ्याला माझाच गुडघा बोलू लागला, मी टेकलो,
आणि खालून पहिल्यांदा
तिचा आवाज मला वरून ऐकू आला.

पंप आता आपोआप चालतो, आकडा फोनवर येतो.
तरी दोनला मी उठतो.
उठतो तसाच, विचारसुद्धा न करता,
आणि कधी कधी जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबतो.
वर विटांवरचा पलंग करकरतो.
कुशीवर वळली असेल.